मायनं साफ केलेले गोटे

आमच्या घरात पांढरं काही टिकायचं नाही. मायनं भिंतीला चुना लावला की आठवड्याभरात त्यावर करडी झाक यायची. दोरीवरचं बाबांचं धोतर, घडवंचीवरच्या गोधड्या, पाण्याच्या गुंडावरचं फडकं, सगळ्यावर मॅंगनीजची बारीक काळी भुकटी बसायची. रामटेकच्या वाटेवर एका खाणीला लागून आमची वस्ती होती, चाळीसेक घरांची. बाबा खाणीत ड्रिल धरायचे. बारा-चौदा वर्षं ते मशीन छातीशी घेऊन त्यांचे कान गेले. सुरुंगाचा भोंगा ज्याला ऐकू येत नाही त्याला खाली कसं सोडायचं, असं म्हणून एके दिवशी त्यांना घरी बसवलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण त्या दिवसापासून आमचं घर मायच्या एका हातोडीवर आलं. कितीदा तरी रात्रीच्या जेवणाला लाखोळीची डाळ आणि भात, आणि सकाळी त्याच भाताला तिखट-मीठ. तक्रार कोणी करायचं नाही, कारण शेजारीही तेच शिजत होतं.

बाबांना ऐकू येत नसल्यामुळे आमच्या घरात सगळे ओरडून बोलत. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा पलीकडच्या शेवंतामावशीला कळायचं, आणि ती तिच्या ओसरीवरून उत्तर द्यायची, "मंग टाक ना वं, गावाले काहून सांगतं!" मी नागपूरच्या कॉलेजात गेले तेव्हा तिथल्या मुली माझ्याकडे वळून पाहत. मला वाटायचं माझी साडी पाहतात. पुढं कळलं, मी हळू बोलायचं कधी शिकलेच नव्हते. वर्गात पाठकसरांनी प्रश्न विचारला की माझं उत्तर बाहेर व्हरांड्यात ऐकू जायचं. त्याचा मला पुढं नोकरीत उपयोगच झाला.

मायचं काम गोटे साफ करण्याचं. खाणीतून निघालेला माल मोकळ्या मैदानावर ओतायचे, आणि बाया ओळीनं उकिडव्या बसून तो फोडायच्या. काळा गोटा ठेवायचा. त्याला चिकटलेली पांढरी गारगोटी, गुलाबी-करडा दगड, चमकणारं अभ्रक, हे सगळं हातोडीनं उडवून द्यायचं. साफ केलेल्या मालाचा चट्टा रचायचा, चारी बाजूंनी सारखा, वरून सपाट, जणू ओटाच. संध्याकाळी साहेब यायचा. त्याच्या हातात छडी असे. चट्ट्यात कुठं पांढरं दिसलं की तो छडीनं टोचायचा आणि म्हणायचा, "फेको." मग तो पूर्ण चट्टा मोडायचा आणि दिवस वाया जायचा. मायचा चट्टा साहेबानं फेकायला लावलेला मी कधी पाहिला नाही. ती गोटा डोळ्यांनी कमी आणि हातानं जास्त पाहायची. तळहातावर घ्यायची, एकदा खालीवर करायची, आणि ठरवून टाकायची. मी सहा-सात वर्षांची असताना तिच्याजवळ बसून दोन्ही हातांत दोन गोटे धरायचे आणि ती विचारायची, "कोणता जड?" मी सांगायची. चुकले की हसायची. "डोयानं नोको पाहू वं. डोया बंद कर अन सांग." आमचा खेळ तोच. दिवसभर मैदानावर पन्नास हातोड्यांचा आवाज चालायचा, आणि त्यातही फरक असायचा. चांगल्या काळ्या गोट्यावर घाव बसला की बद्द असा आवाज येतो, गारगोटी असली की ठणकन वाजतं. हे मला कोणी शिकवलं नाही. चिमण्यांचा आवाज जसा कळतो तसं ते कळायचं.

वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर एक मास्तर आम्हा पोरांना बसवून शिकवायचे, त्यांच्यामुळं मी मॅट्रिक झाले. पुढं बी.एस्सी.ला विषय निवडायची वेळ आली तेव्हा फॉर्म घेऊन बसलेल्या कारकुनानं यादी वाचून दाखवली. त्यात भूशास्त्र आलं. मी विचारलं, "म्हणजे काय?" तो म्हणाला, "दगडं-गोटे." मी म्हटलं, "मग तेच लिहा." मागं रांगेत उभी असलेली पोरं हसली. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही. ज्याच्यात आपण आधीच चार पावलं पुढं आहोत तो विषय कोण सोडेल?

पण पुढं आहोत हे समजायलाही वेळ लागला. कारण तिथं पुस्तक इंग्रजीत, आणि आमच्या वर्गासाठी खनिजांचं जाड पुस्तक लायब्ररीत एकच होतं. ते घरी द्यायचे नाहीत, तिथंच बसून वाचायचं. मी दुपारची एसटी सोडून संध्याकाळची धरायची आणि मधल्या वेळात ते पुस्तक वहीत उतरवून काढायची. अर्थ नंतर, आधी उतरवणं. विभागात काचेचं एक कपाट होतं, त्यात नमुने मांडलेले. त्याला कुलूप, आणि किल्ली शिपायाजवळ. तो वर्षातून दोनदा, परीक्षेच्या आधी उघडायचा. एरवी काचेला नाक लावून पाहायचं. भिंतीवर विदर्भाचा एक रंगीत नकाशा होता, त्यात आमच्या खाणीच्या जागी बोटाच्या नखाएवढा जांभळा पट्टा. मी पहिल्यांदा तो ओळखला तेव्हा कितीतरी वेळ तिथून हलले नाही. आम्ही तिथं राहत होतो, त्या जांभळ्यात.

आता माझी नात ईशा हा विषय शिकते आहे. तिच्या मोबाईलवर तो नकाशा आहे. बोटांनी मोठा केला की आमची वस्ती जिथं होती ती जागा दिसते, त्याखाली कोणता खडक, किती जुना, सगळं लिहून येतं. एका ठिकाणी खनिजांचे नमुने पडद्यावर गोल फिरवून पाहता येतात. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाचे तास ती घरबसल्या ऐकते, आणि त्याला कुलूप नाही, शिपाई नाही. मी तिच्याजवळ बसून तासन् तास पाहते. म्हातारी माणसं म्हणतात की आमच्या वेळची मजा यात नाही. मी म्हणत नाही. काचेला नाक लावण्यात कसली आली मजा? हे मला तेव्हा मिळालं असतं तर मी दोन वर्षं आधी शहाणी झाले असते. मागच्या महिन्यात ईशानं आमच्या भागातल्या मॅंगनीजचा एक फोटो मोबाईलवर शोधून दाखवला. सुरेख काळा तुकडा, चारी बाजूंनी स्वच्छ, पांढऱ्याचा ठिपकाही नाही. मी पाहिला आणि मला हसू आवरेना. ती विचारू लागली, "आजी, काय झालं?" तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं स्वतः फिरून तीस नमुने गोळा करायचे, त्यांची पेटी करायची, प्रत्येकावर नंबर, आणि वहीत कुठून उचलला, शेजारी काय होतं, ते लिहायचं. पेटी नसेल तर प्रात्यक्षिकाला बसू देणार नाहीत, हे पाठकसरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बाकीची पोरं सीताबर्डीच्या टेकडीवरून काळा खडक आणत, कोणी कामठीकडून वाळूचा दगड आणत. पाठकसर मला म्हणाले, "तुमच्या दारात खाण आहे, तुम्ही तिथलंच करा. पण एक लक्षात ठेवा. नुसतं काळं मॅंगनीज आणाल तर मला त्याचं काही नाही. ते ज्या खडकाला चिकटून आहे, तो खडक सोबत हवा. दोघांची गाठ जिथं पडते तो तुकडा आणा. गोष्ट त्या गाठीत आहे." मी चार महिने सुटीच्या दिवशी हिंडून तसे तुकडे जमवले. अर्धा काळा, अर्धा गुलाबी. काळ्यात शिरलेली गारगोटीची शीर. एका तुकड्याला अभ्रकाचा पदर होता, तो माझा सगळ्यात लाडका. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन शाईनं नंबर घातला आणि साबणाच्या लाकडी खोक्यात भरून ते खोकं बाजेखाली ठेवलं.

त्या पेटीवर काय अवलंबून होतं ते सांगते. नापास झाले तर शिष्यवृत्ती बंद होणार होती, आणि शिष्यवृत्तीशिवाय कॉलेज आमच्यानं शक्यच नव्हतं. मायच्या गुडघ्यांनी तेव्हा दगा द्यायला सुरुवात केली होती, उकिडवं बसणं तिला जमत नव्हतं. मुकादमानं तिच्या जागी बदली म्हणून माझं नाव त्याच्या वहीत लिहून ठेवलं होतं. तो वाईट माणूस नव्हता, तो माझ्याकडे पाहून म्हणायचा, "पोरगी मजबूत आहे, मायसारखा चट्टा लावीन." कौतुकच होतं ते. मला रात्री झोप यायची नाही.

पेटी द्यायला चार दिवस राहिले होते. शनिवार होता. सकाळी निघताना मी मायला सांगितलं, "माय, बाहेरून मोठा साहेब येणार हाय. माहे सारे गोटे तपासणार हाय." एवढंच बोलले. त्या दिवशी गुडघ्यांमुळं ती घरीच होती.

संध्याकाळी एसटीतून उतरून घरी आले तर दारातल्या ओट्यावर चट्टा होता. लहानसा, हातभर लांब, चारी बाजूंनी सारखा, वरून सपाट. काळाकुळीत. ऊन तिरपं पडलं होतं, त्यात तो चमकत होता. राखेनं घासून धुतलेला प्रत्येक गोटा. बाजूला माय हातोडी मांडीवर ठेवून बसलेली, तोंडावर घाम आणि असं हसू की ते मी कधी विसरणार नाही.

"पाय," ती चट्ट्याकडं बोट दाखवत म्हणाली. "एक पांढरं सापडलं त माहं नाव बदल. तुह्या साहेबानं छडी घातली तरी काही निघणार नाई. कितले खराब गोटे उचलले वं तू! शाळा शिकून गोटा ओळखता येत नाई तुले."

मी खाली बसले. एक गोटा उचलला, दुसरा उचलला. नंबर गेलेले. गुलाबी दगड गेलेला. अभ्रकाचा पदर कुठंच नव्हता. चार महिन्यांचं काम तिनं एका दिवसात साफ केलं होतं, आणि अतिशय चांगलं साफ केलं होतं. खाणीवर कोणालाही इतकं जमलं नसतं.

मी ओरडले. मायवर त्याआधी कधी ओरडले नव्हते, म्हणजे भांडण म्हणून ओरडले नव्हते. "काय केलं वं माय! माहं वर्ष मारलं तू! मले काळं नोको होतं, मले थे चिकटलेलंच पायजे होतं!"

बाबा आतून आले. त्यांना फक्त माझं तोंड हलताना दिसत होतं. "काय झालं वं? साप निघाला का?" त्यांनी काठी घेतली आणि चट्ट्याच्या मागं पाहू लागले. शेवंतामावशी तिच्या ओसरीवरून म्हणाली, "साप नाई जी, सुमी रडून राहिली." बाबा म्हणाले, "साप गेला ना? मंग रडते काहून?"

मायनं हातोडी मांडीवरून खाली ठेवली. हसू गेलं होतं. ती हात पदराला पुसत राहिली, पुसायला काही नव्हतं तरी. मला तेव्हाही लाज वाटली आणि आजही वाटते. ज्या कामानं आम्हाला जेवू घातलं तेच काम तिनं माझ्यासाठी सगळ्यात मन लावून केलं होतं, आणि मी तिच्यावर ओरडत होते. मग ती म्हणाली, "म्हणजे तुह्या साहेबाले खराब गोटा पायजे?"

"हो."

"गारगोटीवाला?"

"हो. जिथं काळं अन दुसरं चिकटलं असते, थे."

"आधी सांगाचं ना वं, बाई." ती उठली, गुडघा धरून. "चांगला गोटा शोधाले मेहनत लागते. खराब गोट्याचा त डोंगर हाय."

आणि खरंच होता. खाणीच्या पलीकडं टाकाऊ मालाचा ढीग होता, आमच्या जन्माआधीपासून ओतत आलेला. पोरं त्याच्यावर चढून पतंग उडवायची. चार महिने मी खाणीच्या कडेकडेनं हिंडले होते, पण त्या ढिगाकडं एकदाही गेले नाही. तिकडं जाऊ नये अशीच सवय. माल म्हणजे काळा, बाकी फेकायचं, हे माझ्याही अंगात मुरलेलं होतं. इतकी पुस्तकं उतरवून काढली तरी ते गेलं नव्हतं. म्हणजे चूक एकट्या मायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार, खाण बंद. सकाळी ऊन चढायच्या आत माय, तिच्याच ओळीत गोटे फोडणारी शेवंतामावशी आणि मी ढिगावर गेलो. सोबत भाकरी आणि जवसाची चटणी बांधून घेतली होती. मी वही काढली. पहिलाच तुकडा मायनं उचलून दिला, अर्धा काळा, अर्धा गुलाबी, मधली रेघ चाकूनं कापल्यासारखी. मी म्हटलं, "पण हा कुठल्या खड्ड्यातला, हे कसं कळीन? मले जागा लिहा लागते." माय माझ्याकडं पाहतच राहिली. "कळीन कसं म्हणजे? हे गुलाबी फक्त उत्तरेच्या खड्ड्यात, तिसऱ्या पायरीवर निघे. ज्या साली तुहा बाप तिथं ड्रिल धरत होता त्या साली. आमी त फोडू फोडू मेलो." शेवंतामावशीनं दुसरा दिला, अभ्रकाचा. "हा बंद झालेल्या खड्ड्यातला. हाताले टोचते, म्हणून ध्यानात हाय." त्या दोघी त्या डोंगराची पानं उलटावीत तसे दगड उलटत होत्या आणि मी लिहीत होते. मग मायनं एक लालसर तपकिरी, दाणेदार दगड हातात दिला, वरून काळा चढलेला. "ह्याच्यावर मुकादमाच्या लय शिव्या खाल्ल्या. वरून काळा दिसते, साहेबालेही फसवते. आतून गारगोटी अन लाल दाणे. फोडाले चार घाव लागते अन वाजते कसा, ठण्ण." मी पुस्तकातून उतरवलेलं पान उघडलं. गारगोटी आणि गार्नेटचे लाल दाणे यांचा खडक, आमच्याच भागातल्या लोकांवरून त्याला नाव दिलेलं. इंग्रजीत तीन ओळी होत्या, मी त्या चार वेळा वाचूनही समजल्या नव्हत्या. आता तो दगड माझ्या हातात होता.

दुपारपर्यंत खोकं भरलं. मायनं साफ केलेले गोटेही मी टाकले नाहीत. त्यातले सहा चांगले निवडून त्या त्या खडकाच्या तुकड्याशेजारी ठेवले, म्हणजे एकीकडं गाठ आणि दुसरीकडं नुसतं काळं. वहीत प्रत्येक नमुन्यापुढं "कोणी गोळा केला" असा एक रकाना होता. तिथं मी माझं नाव लिहिलं आणि खाली मायचं. भागरथाबाई. काहींपुढं शेवंताबाई. खोटं लिहायचं नव्हतं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वही उघडली आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. "ह्या भागरथाबाई कोण? कुठल्या कॉलेजच्या?"

"माझी आई आहे. खाणीवर गोटे साफ करते."

माझा आवाज नेहमीसारखाच निघाला, म्हणजे पूर्ण प्रयोगशाळेनं ऐकला. पाठकसर खिडकीजवळ उभे होते, त्यांनी मान खाली घातली.

"नमुने विद्यार्थ्यानं स्वतः गोळा करायचे असतात. मग यातलं तुमचं काय?"

"लिहिणं माझं. ओळखणं दोघींचं. तुम्ही मला विचारा, नाही आलं तर पेटी घेऊ नका."

असं मी म्हटलं खरं. आज वाटतं, कुठून आली ती हिंमत. पण दुसरं बोलण्यासारखं होतंच काय? परीक्षकांनी त्यांच्या पिशवीतून दोन काळे दगड काढले, मुठीएवढे, दिसायला जुळे भाऊ. टेबलावर ठेवून म्हणाले, "सांगा." बाकीची पोरं घासून पाहायची पांढरी फरशी, भिंग, चाकू अशी साधनं घेऊन उभी होती. मी दोन्ही हातांत दोन दगड घेतले आणि डोळे मिटले. एकदा खालीवर केलं.

"हा डावा मॅंगनीजचा. उजवा आतून काळा नाही. वरून चढलंय फक्त. आत गारगोटी आणि लाल दाणे असतील."

"फोडून दाखवा."

हातोडी मिळाली. पहिला घाव घातला आणि तो वाजला, ठण्ण. मला तिथंच कळलं. चौथ्या घावाला फुटला. आत लालसर तपकिरी दाणे होते, खिडकीतल्या उन्हात चमकणारे. परीक्षकांनी तो तुकडा उचलला, उलटसुलट पाहिला आणि मग कितीतरी वेळ तो आपल्या तळहातावर खालीवर करत राहिले. मी जसा केला होता तसाच. मग म्हणाले, "तुमच्या आईला कधी इकडं आणा. ह्या कपाटातले काही दगड मला त्यांना दाखवायचे आहेत." आणि रकान्यावर सही केली, दोन्ही नावं तशीच ठेवून.

निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेतले नाहीत. गांधीबागेतून मायसाठी पांढरं लुगडं घेतलं. ती म्हणाली, "पांढरं काहून वं? एका दिवसात काळं होईन." मी म्हटलं, "होऊ दे."

मुकादमानं त्याच्या वहीतलं माझं नाव खोडलं. पुढं मी एकतीस वर्षं नागपुरात भूशास्त्र शिकवलं, आणि माझ्या विभागातल्या कपाटाला कुलूप लावू दिलं नाही. पण ते सगळं नंतरचं. त्या वर्षी झालं ते इतकंच. मी पहिल्या वर्गात बी.एस्सी. झाले. आमच्या वस्तीतून पदवी घेणारी मी पहिली, आणि माझ्या पेटीवर मायचं नाव होतं.